आबांनी आधी ऐकून घेतलेली धून

आबांनी हे सांगितलं तेव्हा मी गच्चीवर त्यांच्या पायांना तेल लावत होते. माघातलं ऊन होतं. थंडी सरायच्या सुमाराला ग्वाल्हेरच्या थाटीपुरात सगळ्या गच्च्यांवर कुणी ना कुणी शाल गुंडाळून बसलेलं असतं, तसे आबाही बसले होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, झोप लागली.

"सोनिका," ते म्हणाले, "माझ्या मयतीला तू गिटार वाजव."

माझा हात थांबला.

"थांबू नको, टाचेला लाव. आणि मयतीला म्हणजे त्या दिवशी नाही. आधीच वाजवून रेकॉर्ड करून ठेव. त्या दिवशी नुसतं बटण दाबायचं."

"आबा, तुम्ही पण नं. सकाळी सकाळी काय हे बोलणं."

"या गोष्टी सकाळीच बोलायच्या असतात. संध्याकाळी माणूस घाबरतो."

ते घाबरलेले नव्हते, हे खरं. हृदयाची झडप खराब झाल्याचं डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं होतं आणि या वयात ऑपरेशन नको, असंही. पप्पांनी ते घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. आईला कळलं, मला कळलं, आणि आबांना तर डॉक्टरांच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं. तोंडं वाचायची त्यांना सवय होती.

आबा म्हणजे उमाजी इंगळे, पोलीस बँडमधले निवृत्त हवालदार. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्खनेतून इकडे आले. कोणत्या गावचे, ते आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. घोडेस्वारी गेली, पागा गेल्या, मग घरातली माणसं पोलिसात जाऊ लागली. आबाही गेले, पण बंदूक त्यांच्या हातात फार दिवस राहिली नाही. सागरतालाच्या पाण्यात पोहून पोहून त्यांची छाती भक्कम झालेली. भरतीनंतर बँडमास्तरांनी एका रांगेत उभ्या असलेल्या पोरांना बिगुल फुंकायला दिला, तर बाकीच्यांच्या बिगुलातून नुसती हवा निघाली आणि आबांच्या बिगुलातून आवाज. तिथून पुढे सगळी नोकरी बँडमध्ये.

परेडला ट्रम्पेट, सलामीला बिगुल. सव्वीस जानेवारीला मैदानावर पुढच्या रांगेत लाल पट्ट्यांच्या गणवेशात उभे असलेले आबा मी फोटोतच पाहिलेत. आजी सांगायची की त्या दिवशी ती पप्पांना कडेवर घेऊन दोरीच्या पलीकडे उभी राहायची आणि बँड समोरून गेला की आबा तिच्याकडे बघत नसत. "बघितलं असतं तर सूर चुकला असता म्हणे," ती म्हणायची. "मी काय इतकी सुंदर होते का?" आणि मग स्वतःच हसायची.

पण बँडवाल्यांचं आणखी एक काम असायचं, ते आबा फारसं सांगत नसत. तो डाकूंचा काळ होता. चंबळच्या बीहडात, त्या मातीच्या घळींमध्ये, चकमक व्हायची, एखादा शिपाई मरायचा आणि मग दोन-चार बँडवाल्यांना ट्रकमध्ये बसवून त्याच्या गावी पाठवायचे. भिंडकडे, मुरैनाकडे, धुळीच्या रस्त्यानं. चितेपाशी जवान बंदुका उलट्या करून मान खाली घालून उभे राहायचे आणि आबा बिगुल वाजवायचे. सलामी देऊन झाली की त्याच ट्रकमधून परत.

"ट्रकमध्ये कुणी बोलायचं नाही," एवढंच ते सांगायचे. "मग शहराजवळ मुरार आलं की कुणीतरी चहाचं नाव काढायचा."

त्या सकाळी गच्चीवर मात्र त्यांनी भदौरियाची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदा ऐकत होते.

भदौरिया बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. आबांचा जिवाभावाचा. एकाच खोलीत राहिलेले, एकाच ताटात जेवलेले. पुढे त्यानं बढतीसाठी बदली मागितली, कंपनीत गेला आणि पहिल्याच उन्हाळ्यात बीहडात गोळी लागून गेला. त्याच्या गावी बिगुल वाजवायला आबांनाच पाठवलं. मास्तर म्हणाले होते, दुसऱ्याला पाठवतो. आबा म्हणाले, नको, मीच जातो.

"जायला नको होतं," आबा म्हणाले. "मधला लांब सूर असतो नं, तिथं ओठ सुटले. सूर फाटला. असा फाटला की जवानांनीही माना वर केल्या. सगळ्या नोकरीत तेवढा एकदाच."

"मग?"

"मग काय. पूर्ण केलं. नंतर त्याचे वडील आले, पागोटं हातात धरून. मला वाटलं, काहीतरी बोलतील. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, आज तो बाजो भी रोय दओ."

मी म्हणाले, "बाजाही रडला, म्हणजे त्यांना ते आवडलं नं, आबा. तुमचं चुकलं तेच."

"त्यांना आवडलं. मला नाही. मी भदौरियाला चांगलं वाजवून द्यायला गेलो होतो." त्यांनी पाय ओढून घेतला, शालीत गुंडाळला. "म्हणून म्हणतो, ज्याचं माणूस गेलंय त्यानं त्या दिवशी वाजवू नये. तू आधी वाजव. मी बसलेला असताना वाजव. मला ऐकून पण घेता येईल."

बिगुल का नको, हे मी विचारलंच. रिटायर बँडवाल्यांपैकी कुणीही आनंदानं आला असता.

"बिगुल ऐकला की लोक ताठ उभे राहतात," आबा म्हणाले. "आयुष्यभर लोकांना उभं केलं. माझ्या वेळी बसू दे सगळ्यांना."

गिटार मी कॉलेजात शिकले. आता एका शाळेत संगीत शिकवते, मुलांकडून प्रार्थना आणि समूहगीतं बसवून घेते आणि संध्याकाळी घरी चार-पाच पोरांना गिटार. पहिल्यांदा गिटार घरी आणली तेव्हा आबा तिच्याकडे बघून म्हणाले होते, "यात फुंकायचं कुठून?" पण रोज माझ्या रियाजाच्या वेळी खुर्ची ओढून दारापाशी बसायचे. त्यांचा स्वतःचा ट्रम्पेट तोवर बंद झाला होता. पुढचे दात पडले आणि कवळी आली. कवळीवर ओठांचा दाब टिकत नाही. एकदा त्यांनी प्रयत्न केला होता, मी लहान असताना. फुस्स असा आवाज आला. मी हसले आणि तेही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रम्पेट पुसून बँडमध्ये नव्यानं लागलेल्या कुणाला तरी देऊन टाकला. आजी बरेच दिवस त्यांच्यावर चिडून होती.

पप्पांना मी संध्याकाळी सांगितलं. पप्पांचं नाव जगदेव, पडावला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात काम करतात. दिवसभर ड्रायव्हरांशी ओरडून बोलल्यामुळे घरी त्यांचा आवाज बसलेला असतो.

"घरात जिवंत माणूस बसलाय," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तू त्याच्या मयतीचा बाजा बसवणार? काही कळतं का तुला?"

"तेच म्हणालेत, पप्पा."

"म्हणू दे. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. विषय बंद."

पप्पा ताट सरकवून बाहेर गेल्यावर पोळ्या लाटता लाटता आई मला म्हणाली, "बंद कसा होईल? आबांनी मला सकाळीच विचारलं की शांताताई जे गुणगुणायच्या ते मला पूर्ण येतं का म्हणून."

शांताताई म्हणजे आजी. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आबांनी धूनही ठरवून ठेवली होती. आजी तांदूळ निवडताना, स्वेटर विणताना, पप्पांना आणि नंतर मला झोपवताना एक चाल गुणगुणायची. शब्द नव्हते. नुसतं तोंड मिटून, नाकातून. घरात सगळ्यांचा समज होता की तो तिच्या माहेरचा, देवासकडचा पाळणा असावा आणि शब्द ती विसरली असावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती चाल बसवायला घेतली. सुरुवात सोपी होती. लांब लांब सूर, एकेक पायरी चढावी तसे, प्रत्येक सुरावर थोडं थांबून. पण अर्ध्यावर आलं की आबा अडखळायचे.

"इथून ती वर जायची," ते म्हणायचे. मग मी वाजवलं की मान हलवायचे. "नाही, असं नाही."

"खाली यायच्या त्या," आई म्हणायची. "मी इतकी वर्षं ऐकलंय, आबा. इथं आल्या की आवाज खाली आणायच्या, मग पोर झोपायचं."

मला स्वतःला आजीचा आवाज आठवत होता, तिच्या पदराचा वास आठवत होता, पण सूर वर जायचा की खाली ते सांगता येत नव्हतं. तिथवर पोचेपर्यंत मी झोपत असेन. शेवटी आबा म्हणाले, "मंदाला विचारू. तिच्या माहेरचं आहे, तिला येत असेल."

मंदाताई आजीची धाकटी बहीण. तीही लग्न होऊन ग्वाल्हेरलाच आली. नई सडकेवर एका भांड्यांच्या दुकानाच्या वर राहते. जिना अरुंद. आबांना वर चढवायला मला आणि दुकानातल्या एका माणसाला मिळून हात द्यावा लागला. प्रत्येक वळणावर ते थांबायचे आणि थकलो असं म्हणायचं नाही म्हणून भिंतीवरच्या जुन्या रंगाचं कौतुक करायचे.

मंदाताईनं चिवडा काढला, चहा केला. आबांना बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती दुसरंच बोलत राहिली. गुडघे, सून, खालच्या दुकानातली खडखड. मग मी गिटार काढली आणि पहिला भाग वाजवला.

"हो, आक्काचं आहे हे," ती लगेच म्हणाली.

"पुढं कसं आहे गं?" आबांनी विचारलं. "तुमच्याकडे आई म्हणायची का हे?"

"आमच्याकडे?" मंदाताई हातातली बशी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. "दाजी, हे आमच्याकडचं नाही."

"मग कुठलं?"

"तुमचंच नं. आक्का लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा हे गुणगुणत आली. आमच्या आईनं विचारलं, कुठलं गं गाणं शिकलीस सासरी? तर म्हणे, गाणं नाही काही, हे रोज पहाटे ते वाजवतात. सारखं कानावर पडतं म्हणून तोंडात बसलंय."

खालून पितळी घागर कुणीतरी ठोकून बघत होतं, तेवढा आवाज येत राहिला.

"मी तर कधी..." आबा म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुरुवातीचं परत वाजव. हळू. आणखी हळू. प्रत्येक सुराला तुझा श्वास संपेपर्यंत धरून ठेव."

मी वाजवलं. गिटारचा सूर तेवढा टिकत नाही, विरून जातो, तरी मी जमेल तितकं थांबले.

"लांब सूर," आबा म्हणाले.

लांब सूर म्हणजे बँडवाल्यांचा पहाटेचा रियाज. ड्यूटीवर जायच्या आधी ओठ तयार करायचे. एक सूर घ्यायचा, दम संपेपर्यंत धरायचा, मग वरचा, मग त्याच्या वरचा. नव्या शिपायाला मास्तर पहिल्यांदा हेच देतात आणि सगळे कंटाळतात, कारण त्यात गाणं असं काही नसतंच. लग्न झालं तेव्हा आबांना पोलीस लाइनीत एक खोली मिळाली होती. मागच्या दारी बसून, शेजारी उठू नयेत म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात आजीचं जुनं लुगडं कोंबून ते हा रियाज करायचे. आत आजी चूल पेटवत असायची. नवी नवरी, घरात दुसरं कुणी नाही, गावात ओळखीचं कुणी नाही, हिंदी नीट येत नाही. तिच्या कानावर रोज सकाळी हे यायचं.

"आणि मी तिला म्हणायचो, तुझा पाळणा म्हण," आबा म्हणाले. "एकदाही तिनं सांगितलं नाही."

"तिला वाटलं असेल, तुम्हाला माहीत आहे," मंदाताई म्हणाली.

येताना ऑटोत आबा हळूहळू बोलू लागले. पोलीस लाइनीतली ती खोली, तिच्या दारातलं बोराचं झाड. पगाराच्या दिवशी आजीला टांग्यातून महाराजबाड्यावर नेलं होतं आणि ती टांग्यात त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, कारण शेजारी बसायची लाज वाटली. पडावला आल्यावर त्यांनी ऑटोवाल्याला उगाच पुलाच्या बाजूनं घ्यायला लावलं. तिथं कधीतरी एक फोटोवाला होता, त्याच्याकडे दोघांनी काढलेला फोटो तयार झाल्यावर आणायला जायचंच राहिलं. आता तिथं मोबाइलचं दुकान होतं. आबांनी ते मान वळवून दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

घराच्या वळणावर ते म्हणाले, "माझा रियाज अर्ध्यावरून वर जायचा, ते नक्की. पण तुझी आई म्हणते ते खरं असणार. शांतानं खाली आणलं. पोरं झोपवायची होती तिला."

"मग मी कोणतं वाजवू?"

"तिचं. माझ्यात काय आहे, ओठांची कसरत."

रेकॉर्डिंग घरी करायचा प्रयत्न आम्ही केला. पण आमच्या गल्लीत शांतता मिळायची कुठे? कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची, ती गेली की भोंगा लावलेला भाजीवाला. दोन्ही नसले की शेजारच्या कुकरची शिट्टी. म्हणून मग पडावला तरुणच्या स्टुडिओत गेलो. एका हॉटेलच्या मागच्या बाजूला त्याच्या दोन खोल्या आहेत. भिंतींना स्पंज लावलेला, मध्ये काच. देवीची भजनं, लग्नाच्या व्हिडिओतली गाणी, निवडणूक आली की प्रचाराची गाणी, असं सगळं तिथं रेकॉर्ड होतं.

"दादाजी, किस मौके के लिए बनवा रहे हैं?" तरुणनं हसत विचारलं. "शादी की सालगिरह?"

"मेरी अंत्येष्टि के लिए," आबा म्हणाले.

तरुणनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं आबांसाठी आणलेली प्लास्टिकची खुर्ची परत नेली आणि आतून स्वतःची गादीची खुर्ची आणून दिली.

त्यानंतर मात्र त्याला आणखी काही तरी करावंसं वाटू लागलं. पाठीमागे बासरी टाकू का, लांबून मंदिराची घंटा टाकू का, थोडा पाण्याचा आवाज. लोकांना असं फार आवडतं म्हणाला. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बेटा, ये छोटी सी चीज है," ते म्हणाले. "इस पर इतना सामान मत लादो."

मी काचेच्या आत बसले. आबा बाहेर, कानाला मोठे हेडफोन लावून. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्यांनी हात वर केला. मी घाई करत होते. दुसऱ्यांदा माझा आवाज रडका होता, म्हणजे गिटारचा. प्रत्येक सूर मी ओढून ओढून काढत होते. आबांनी तरुणकडून माइक घेतला. त्यांचा आवाज माझ्या कानात आला.

"सोनिका, तू माझ्यासाठी वाजवतेयस. मी तर नसणार त्या दिवशी. जे सतरंजीवर बसलेत त्यांच्यासाठी वाजव. त्यांना उन्हाचं बसायचंय, कुणाला लघवीला लागली असेल, कुणाला पोरं शाळेतून आणायची असतील. त्यांना नीट सांभाळून घेऊन चल."

मला हसू आलं. मग पुढच्या वेळी हात मोकळा झाला. अर्ध्यावर सूर खाली वळवताना मी सहज काचेतून बाहेर पाहिलं. आबांचे डोळे मिटलेले होते. ओठ घट्ट आवळलेले, कोपरे आत ओढलेले, गाल ताणलेले, फुंकण्यापूर्वी असतात तसे. छाती भरली होती. मी तिथून नजर काढली आणि बोटांकडे बघून शेवटपर्यंत वाजवलं.

शेवटचा सूर विरला तसा आबांनी हात वर केला आणि खाली आणला नाही. तरुण बटणाकडे जाऊ लागला तसा त्यांनी त्याला थांबवलं. बऱ्याच वेळानंतर म्हणाले, "हो. आता बंद कर."

मला वाटलं होतं, ती फाइल कुठेतरी ठेवून दिली जाईल आणि तो दिवस येईपर्यंत कुणी तिचं नाव काढणार नाही. पण आबांनी ती स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतली आणि घरी येईल त्याला ऐकवायला सुरुवात केली. गॅसवाला, बँकेतला माणूस, बँडमधले जुने सोबती, आईच्या भिशीच्या बायका.

"बहुत सुंदर है, अंकल. किसका है?"

"मेरा," ते म्हणायचे. मग कशासाठी आहे ते सांगायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. काही जण घाईनं चहा संपवून उठायचे. काही जण परत लावा म्हणायचे. रिटायर झालेले एक सॅक्सोफोनवाले चाचा तर दर रविवारी फक्त तेवढ्यासाठी यायचे. त्यांच्या मते दुसरा सूर थोडा उतरलेला होता. आबांच्या मते चाचांचे कान उतरलेले होते.

पप्पा ते कधीच ऐकायचे नाहीत. आबांनी मोबाइल हातात घेतला की पप्पा खोलीतून बाहेर. पहिला सूरसुद्धा त्यांच्या कानावर पडला नसेल. आबा त्यांना अडवायचे नाहीत.

उन्हाळा गेला. डॉक्टरांना वाटलं होतं त्यापेक्षा आबा जास्त टिकले. पावसाळ्यात पाय सुजले, गच्चीवर जाणं बंद झालं. दसऱ्याला त्यांनी स्वतःच्या हातानं पप्पांना सोनं दिलं, आपट्याचं पान, आणि पप्पा त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांचा हात पप्पांच्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप आईच्या हातात दिला, उशीवर मान टेकली आणि गेले. आईला वाटलं, झोपले.

दुपारपर्यंत अंगण भरलं. नातेवाईक, गल्लीतले लोक, पोलीस बँडमधले म्हातारे, काही जण पांढऱ्या शर्टात, काही काठी टेकत. न्यायची तयारी झाली. मी शाळेतून आणलेला स्पीकर उंबऱ्यावर ठेवला होता आणि मोबाइल हातात घेऊन उभी होते. आबांचं बरोबर होतं. वाजवणं सोडाच, मला साधं ते बटण सापडेना. स्क्रीनवर पाणी पडत होतं आणि बोट सरकत होतं.

पप्पांचे एक चुलतभाऊ म्हणाले, "आता हे काय? असल्या वेळी गिटार? आपल्यात असं नसतं."

पप्पा माझ्याजवळ आले. माझ्या हातातून मोबाइल घेतला, पंच्याला पुसला.

"आबांनी सांगितलंय," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

पहिला सूर अंगणात आला. बँडमधला एक म्हातारा सवयीनं उठून ताठ उभा राहिला. त्याला बघून दुसराही उठू लागला. पप्पा त्यांच्यापाशी गेले आणि खांद्यावर हात ठेवला. "बैठिए चाचा. उन्होंने बैठने को कहा है." ते बसले. मग सगळेच बसले, जे कडेला उभे होते तेसुद्धा, कुणी पायरीवर, कुणी स्कूटरच्या सीटवर. लांब सूर एकेक करून चढत गेले. गल्लीच्या टोकाला भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता, तो कुणीतरी जाऊन बंद करायला लावला.

अर्ध्यावर सूर खाली वळला तेव्हा पप्पांनी एकदम मान वर केली. सकाळपासून ते रडले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"हे आईचं आहे," ते म्हणाले. "सोनिका, हे माझ्या आईचं आहे."

आणि ते जिथं उभे होते तिथंच, आबांच्या पायाशी, जमिनीवर बसले.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. मंदाताई काही दिवस राहून गेली. तिनं जाताना पप्पांना ती सगळी हकीकत सांगितली, लांब सुरांची आणि लुगड्याची, आणि पप्पांनी ती तिच्याकडून दोनदा सांगून घेतली. मी शाळेत जाऊ लागले, संध्याकाळचे क्लास सुरू केले. ती फाइल मात्र मी अजून उघडलेली नाही. ऐकावीशी वाटते तेव्हा पप्पाच लावतात.

परवाच्या रविवारी मागच्या गल्लीतल्या सुलोचनाबाई आल्या. आबांना पोचवायच्या दिवशी त्या अंगणात शेवटी बसलेल्या होत्या म्हणे, मला आठवत नाही. स्वेटरच्या बाह्या सावरत बराच वेळ आईशी हवापाण्याचं बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"माझं पण एक करून ठेव नं," त्या म्हणाल्या. "मी काही इतक्यात जात नाही. पण तू लग्न करून कुठे निघून जाशील, मग मी कुणाला सांगू?"

आई आत गेली, बहुधा हसू लपवायला.

"कोणती धून पाहिजे, काकू?"

"ते मला नाव नाही येत. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या तोंडात असायचं, ते सायकल पुसायचे तेव्हा." त्या थोड्या लाजल्या. "शिट्टीवर होतं ते. मला शिट्टी नाही येत."

मी गिटार मांडीवर घेतली. "गुणगुणा मग. जमेल तसं."

सुलोचनाबाईंनी घसा साफ केला, दाराकडे कुणी येत नाही नं ते पाहिलं आणि डोळे मिटून हळूच सुरुवात केली.